आधी शॉकअप, मग रुंदी
कमी पैशांत रेसिंग क्वाडचे सस्पेन्शन सुधारताना

अलिबाग-नागावच्या वाळूत पर्यटकांना चक्कर मारून आणणारी चार जाड टायरांची बुटकी गाडी आपल्या ओळखीची आहे. ‘क्वाड बाइक’ म्हणून आपल्याकडे बहुतेकांना ठाऊक असते ती एवढीच. अमेरिकेत मात्र याच जातीच्या, पण कितीतरी चपळ गाड्यांच्या शर्यती अनेक दशके होत आहेत. मोटोक्रॉसच्या बंदिस्त ट्रॅकवर त्या उंच उड्या घेतात. जंगलवाटांवरच्या ‘जीएनसीसी’ मालिकेत दोन-दोन तास झाडांची मुळे, दगड आणि चिखल तुडवतात. डकार रॅलीतही 2009 पासून 2024 पर्यंत क्वाडचा स्वतंत्र गट होता.

या खेळातला हौशी स्पर्धक सहसा जुनी गाडी घेऊन उतरतो. तसा नाइलाजच आहे. यामाहाची ‘वायएफझेड 450’ आणि होंडाची ‘टीआरएक्स 450 आर’ या 2004 मध्ये आलेल्या गाड्यांनी एक पिढी गाजवली. पण होंडाने आपली गाडी 2014 नंतर बंद केली. नव्या गाड्यांचे पर्याय मोजके आणि महाग. मग जुनी गाडी घ्यायची आणि उरलेल्या पैशांत तिचे सस्पेन्शन सुधारायचे, हा सरळ हिशेब. चूक होते ती खर्चाच्या क्रमात.

पहिला मोह पडतो रुंदीचा. मूळ गाडीची रुंदी साधारण 46 इंच असते. मोटोक्रॉसवाले ती 50 इंचांपर्यंत नेतात. त्यासाठी पुढच्या चाकांना धरून ठेवणारे ‘ए-आर्म’ प्रत्येक बाजूला दोन इंच लांब बसवायचे आणि मागे रुंद अॅक्सल. वळणावर गाडी उलटण्याची धास्ती कमी होते, हे खरेच. मात्र मूळचे शॉकअॅब्सॉर्बर, म्हणजे गॅरेजच्या भाषेत शॉकअप, तसेच ठेवून केवळ आर्म लांबवले, तर गाडी बिघडण्याचीच शक्यता अधिक.

याचे कारण तरफेच्या साध्या नियमात आहे. समजा, आर्म 18 इंच लांब आहे आणि शॉकअप आतल्या टोकापासून 11 इंचांवर जोडलेला आहे. आर्म 20 इंचांचा केला आणि शॉकअपची जागा तीच ठेवली, तर चाकाच्या हाती लागणारी तरफ लांबते. चाकाला जाणवणारा स्प्रिंगचा ताठरपणा या गुणोत्तराच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. ढोबळ हिशेब केला तर तो सुमारे 19 टक्क्यांनी घटतो. उडीनंतर पुढचा भाग तळाला आपटतो, हँडल हातातून हिसकले जाते आणि चालक कधीकधी हँडलवरून पुढे फेकला जातो. म्हणजे सुरक्षेसाठी केलेला खर्च उलट अंगावर येतो. लांब आर्म घ्यायचे तर त्यांना जुळणारे शॉकअपही घ्यावे लागतात. आणि नामांकित कंपनीच्या नुसत्या पुढच्या जोडीलाच हजार डॉलरहून अधिक मोजावे लागतात.

तेव्हा कमी बजेटवाल्याने सुरुवात पान्यापासून करावी. गाडीचा पुढचा भाग उचलून चाक दोन्ही हातांनी हलवून पाहावे. बॉल जॉइंट किंवा आर्मचे बुश झिजले असतील तर खडखड लगेच हाताला कळते. मागच्या स्विंगआर्मची आणि शॉकअपच्या लिंकेजची बेअरिंगे तर वर्षानुवर्षे कोणी उघडलेलीच नसतात. चिखलपाण्याने ती गंजून जाम होतात आणि दोष मात्र शॉकअपला दिला जातो. टायरमधील हवेचेही तसेच. या टायरांत चार-सहा पीएसआय इतकीच हवा असते. मोटारीच्या गेजवर ती नीट वाचताही येत नाही. कमी दाब मोजणारे स्वस्त गेज हा या खेळातला बहुधा सर्वांत किफायतशीर खर्च ठरावा.

त्यानंतर शॉकअप. आत तेल असते. पिस्टनवरच्या पातळ चकत्यांमधून ते वाट काढते आणि स्प्रिंगची उसळी आवरते. शर्यतीत हे तेल तापते, पातळ होते. आतला नायट्रोजनचा दाब कमी झाला असेल तर त्यात फेसही धरतो. मग पहिल्या दोन फेऱ्या उत्तम आणि पाचव्या फेरीला गाडी घोड्यासारखी उधळते, असा अनुभव येतो. तेल आणि सील बदलून, नायट्रोजन पुन्हा भरून घेतला तर नव्या शॉकअपच्या किमतीच्या अंशभर खर्चात निम्म्याहून अधिक तक्रारी मिटू शकतात. हे काम मात्र घरी करू नये. दाबाखालचा शॉकअप अजाणता उघडला तर आतले भाग गोळीसारखे बाहेर येऊ शकतात.

याच कामात, परवडत असल्यास, चालकाच्या वजनाप्रमाणे स्प्रिंग बदलून घ्यावी आणि चकत्यांची रचनाही. कारखान्याने गाडी सरासरी वजनाच्या माणसासाठी बांधलेली असते; 90 किलोचा गडी आणि 60 किलोचा पोरगा यांना एकच स्प्रिंग कशी पुरणार? प्रीलोडची चकती आवळून स्प्रिंग कडक होते, हा समज सार्वत्रिक असला तरी चुकीचा आहे. त्याने गाडीची उंची वाढते, स्प्रिंग तीच राहते.

उंची पाहण्याची रीत सोपी आहे. संपूर्ण पोशाखात चालकाला शर्यतीच्या पवित्र्यात बसवावे आणि चाकाची जी एकूण हालचाल आहे तिच्या साधारण एक तृतीयांश गाडी खाली बसते का, हे टेपने मोजावे. शॉकअपच्या दांड्यावर प्लॅस्टिकची केबल टाय सैलशी बांधून एक फेरी मारली, तर दांडा किती आत गेला याची खूण आपोआप मिळते. टाय दरवेळी टोकाला जात असेल तर शॉकअप मऊ आहे. मधेच थांबत असेल तर विकत घेतलेली निम्मी हालचाल वाया जात आहे.

एवढे करूनही गाडी अपुरी वाटली, तर मग रुंदीचा विचार. वापरलेले आर्म आणि शॉकअप बाजारात मिळतात. घेण्यापूर्वी शॉकअपची दोन छिद्रांमधली लांबी, बोल्टचा व्यास आणि बुशची रुंदी आपल्या गाडीशी ताडून पाहावी. विकणाऱ्याचे वजनही विचारावे, कारण स्प्रिंग त्याच्या मापाची असणार. लांब आर्मबरोबर टाय रॉड आणि ब्रेकचे पाइपही लांब लागतात, हा खर्च पुष्कळजण विसरतात. आणि ज्याला जंगलवाटेवरच धावायचे आहे, त्याने 50 इंचांचा हट्ट सोडावा. दोन झाडांमधली फट कोणासाठी रुंदावत नाही.