नाल काढण्याआधी खूर ओळखा

घोड्याचा धंदा आता संपत आला, असे बाजारात सर्रास ऐकू येते. यात काही अंशी तथ्य आहे. गावोगावचे टांगे गेले. मुंबईतल्या व्हिक्टोरिया गाड्या २०१५ साली उच्च न्यायालयाने बेकायदा ठरवल्या आणि त्या बंद करण्यासाठी एक वर्षाची मुदत दिली. टांग्याबरोबर नाक्यावरचा नालबंदही उठला. पण घोडा काही संपलेला नाही. माथेरान आणि महाबळेश्वर-पाचगणीला तो पर्यटकांना पाठीवर घेतो, लग्नाच्या वरातीत नवरदेवाला मिरवतो, आणि सारंगखेड्याच्या यात्रेत अजूनही त्याचा मोठा बाजार भरतो. या सर्व घोड्यांना खूर आहेत आणि ते खूर दर महिन्याला वाढतात. तेव्हा खूर तासणाऱ्या हाताला काम आहे.

नालबंद हे आडनाव महाराष्ट्रातल्या कितीतरी मुस्लिम घरांत आजही आहे. धंदा सुटला, नाव राहिले. ज्यांच्या घरात हा हुन्नर अजून जिवंत आहे त्यांच्यासाठी, आणि घोड्यावर ज्यांची चूल पेटते त्या घोडेवाल्यांसाठी आम्ही हा विषय या पानावर घेत आहोत. गेल्या तीस-चाळीस वर्षांत युरोप-अमेरिकेत एक विचार जोर धरून आहे. घोड्याला लोखंडी नाल न ठोकता त्याचे खूर नीट तासून त्याला अनवाणी ठेवावे, असा तो विचार आहे. हे कितपत खरे, कितपत परवडणारे, आणि आपल्याकडे कुठे लागू पडते, हे पाहू.

खूर म्हणजे काय?

घोड्याचा खूर बाहेरून दगडासारखा दिसतो, पण तो जिवंत अवयव आहे. बाहेरची भिंत आपल्या नखासारखी. ती महिन्याला साधारण ६ ते १० मिलिमीटर वाढते. केसांच्या कडेपाशी निघालेली नवी भिंत पुढच्या टोकाला जमिनीपर्यंत पोहोचायला ९ ते १२ महिने लागतात. खाली तळवा आणि तळव्याच्या मागच्या बाजूस रबरासारखा त्रिकोणी भाग. जुने नालबंद त्याला पुतळी म्हणतात. भिंत आणि तळवा जिथे जुळतात तिथे एक फिकट रेघ दिसते. ही रेघ घट्ट असेल तर खूर निरोगी. ती फाकली की त्यात खडी, माती आणि सड शिरते.

घोडा पाय टेकतो तेव्हा खूर टाचेकडे किंचित पसरतो, आणि उचलतो तेव्हा पुन्हा आकसतो. या पसरण्या-आकसण्यात जमिनीचा हादरा जिरतो. मिशिगन स्टेट विद्यापीठातले पशुवैद्यक रॉबर्ट बोकर यांनी टाचेकडच्या भागातील रक्तवाहिन्यांचे जाळे हा हादरा पचवते, असे प्रतिपादन केले आहे. अनवाणी घोड्याच्या बाजूने बोलणाऱ्यांचा सारा भर इथे आहे. त्यांचे म्हणणे असे की, लोखंडी नाल खिळ्यांनी ठोकली की खुराचे पसरणे कमी होते, पुतळीला जमीन लागत नाही, आणि सगळा भार भिंतीच्या कडेवर येतो. नालेचा फायदाही उघड आहे. कठीण रस्त्यावर रोज काम करणाऱ्या घोड्याचा खूर वाढीपेक्षा जास्त झिजतो, आणि ती झीज नाल स्वतःवर घेते.

ही गोष्ट नवी नाही

खिळ्यांची नाल युरोपात सर्रास झाली ती साधारण हजार वर्षांपूर्वी. त्याआधीही घोडदळे होतीच. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ग्रीक लेखक झेनोफन याने घोड्याच्या निगराणीवर पुस्तक लिहिले. तबेल्याबाहेर चार-पाच गाड्या गोल दगड पसरावेत, प्रत्येक दगड मुठीत मावेल एवढा असावा, आणि घोड्याला त्यावर उभे करावे म्हणजे खूर टणक होतात, असा सल्ला त्याने त्यात दिला आहे. ओल्या तबेल्यात खूर खराब होतो, हेही त्याला ठाऊक होते.

आपल्या भाषेतला नाल हा शब्द अरबी आहे आणि मूळ अरबीत त्याचा अर्थ पायातला जोडा असा होतो. खुराचे काम करणारा आणि घोड्यावर उपचार करणारा, दोघांनाही अरबीत ‘बैतार’ हा एकच शब्द होता. इजिप्तचा मामलुक सुलतान अल-नासिर मुहंमद याच्या पदरी असलेल्या अबू बक्र अल-बैतार याने चौदाव्या शतकात घोड्यांच्या उपचारांवर मोठा ग्रंथ लिहिला. नालबंदी हे केवळ लोखंड ठोकण्याचे काम नसून ती वैद्यकीची शाखा आहे, हे त्या काळी सर्वमान्य होते. आपल्याकडे मात्र नालबंद म्हणजे हातोडा मारणारा, एवढीच ओळख उरली.

जंगली घोड्याचा दाखला आणि त्याची मर्यादा

अमेरिकेतला जेमी जॅक्सन हा स्वतः नालबंद. १९८२ ते १९८६ या काळात त्याने पश्चिम अमेरिकेतील ग्रेट बेसिन या कोरड्या, खडकाळ मुलखातल्या मोकाट मस्टँग घोड्यांचे खूर पाहिले आणि १९९२ साली त्यावर पुस्तक लिहिले. या घोड्यांची भिंत आखूड, कड गोलाई घेतलेली आणि पुतळी रुंद असते, असे त्याचे निरीक्षण होते. तसाच आकार कानशीने पाळीव घोड्याच्या खुराला द्यावा, ही पद्धत पुढे पसरली.

पण प्रत्येक मालाप्रमाणे हाही माल उलटून पाहिला पाहिजे. क्वीन्सलँड विद्यापीठाच्या संशोधकांनी न्यूझीलंडच्या काइमानावा डोंगरांतील मोकाट घोड्यांचे खूर तपासले, तेव्हा त्यांत विकृतीचे प्रमाण पुष्कळ आढळले. हे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. म्हणजे रानात राहिला की खूर आपोआप चांगला, असे नाही. जमीन कोरडी की ओली, चाल किती, चारा कोणता, यावर खूर घडतो. ‘नैसर्गिक’ या शब्दाला भुलून कोणी नाल उपटू नये.

तासणी कशी करतात?

हत्यारे थोडी आहेत: खूर साफ करायची आकडी, सुमतराश म्हणजे खुराची वाकडी सुरी, कापायची पकड आणि मोठी कानस. भट्टी लागत नाही, ऐरण लागत नाही. भांडवल कमी, पण नजर फार लागते.

आधी घोडा सपाट जागेवर उभा करून पाहतात, मग चालवून पाहतात. निरोगी घोडा बहुधा टाच आधी टेकतो. टोक आधी टेकत असेल तर टाचेकडे दुखते आहे, असे समजावे. मग खूर साफ करून तळव्यावरचा फक्त भुसभुशीत, मेलेला थर काढतात. जिवंत तळवा पातळ करायचा नाही. पुतळीची लोंबणारी चिंधी तेवढी छाटायची, निरोगी पुतळीला सुरी लावायची नाही. भिंत तळव्याच्या जवळजवळ बरोबरीला आणायची आणि टाचा दोन्हीकडून सारख्या ठेवायच्या. शेवटी कानशीने खालच्या कडेला सभोवार गोलाई द्यायची. ही गोलाई नसेल तर भिंत दगडावर आपटून फुटते.

नाल ठोकण्यासाठीची तासणी वेगळी. तिथे लोखंड बसावे म्हणून भिंतीची कड सपाट करावी लागते. शिवाय घाईत काही जण तळवा आणि पुतळीही कोरून काढतात, आणि तयार नाल लहान पडली तर खूरच कानशीने घासून नालेएवढा करतात. आम्ही कापडवाल्यांनी हे लगेच ओळखावे. शिंपी गिऱ्हाइकाच्या मापाने सदरा कापतो, सदऱ्याच्या मापाने गिऱ्हाईक कापत नाही. अशा घोड्याची नाल काढली की तो दुसऱ्या दिवशी लंगडतो आणि मालक म्हणतो, पाहा, अनवाणी जमत नाही. दोष अनवाणीपणाचा नसतो. खूर आधीच पातळ झालेला असतो.

खर्चाचा हिशेब

नाल काढली म्हणजे खर्च वाचला, अशी समजूत करून घेऊ नये. नाल साधारण ६ ते ८ आठवड्यांनी बदलावी लागते, म्हणजे वर्षाला ७ ते ९ वेळा. अनवाणी घोड्याची तासणी ४ ते ६ आठवड्यांनी, म्हणजे वर्षाला ९ ते १३ वेळा. लोखंड आणि खिळे यांचा खर्च वाचतो, पण हाताची मजुरी वाढते. तासणी तीन-तीन महिने लांबवणाऱ्याने या वाटेला जाऊच नये.

दुसरा खर्च वहीत दिसत नाही. नाल काढल्यावर घोडा काही आठवडे, कधी काही महिने, खडीवर जपून चालतो. चांगली भिंत पूर्ण उतरायला वर्ष लागते. हौसेने घोडा पाळणाऱ्याला हे चालते. ज्याचे घर त्या दिवसाच्या फेऱ्यांवर चालते, त्याने काय करावे? यावर परदेशात रबरी-प्लास्टिकचे खुरजोडे निघाले आहेत. कामाच्या वेळी चढवायचे, काम झाल्यावर काढायचे. पण ते खुराच्या मापाचे नसतील तर घासून जखम करतात, आणि चार पायांचे जोडे ही गरीब घोडेवाल्यासाठी मोठी रक्कम आहे.

तिसरी बाब चाऱ्याची. जास्त दाणा, गूळ आणि पर्यटक प्रेमाने भरवतात ती बिस्किटे यांनी खुराच्या आत सूज येते. इंग्रजीत या रोगाला लॅमिनायटिस म्हणतात. घोडा पुढचे पाय पुढे टाकून मागे रेलू लागला, खूर गरम लागू लागला, तर ते काम नालबंदाचे नाही. तात्काळ पशुवैद्य बोलवावा. आतून बिघडलेला खूर कितीही सफाईने तासला तरी सुधारत नाही.

माथेरानचा प्रश्न

आपल्याकडे या विषयाची खरी कसोटी माथेरानला आहे. तिथे मोटारींना बंदी आहे आणि २००३ पासून तो भाग पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर आहे. माणसे आणि सामान वाहण्यात घोड्याचा वाटा मोठा. रस्ते जांभ्याच्या लाल मातीचे. त्यांवर पेव्हर ब्लॉक बसू लागले तेव्हा घोडे घसरतात, अशी घोडेवाल्यांची तक्रार झाली. डिसेंबर २०२२ मध्ये ई-रिक्षांची चाचणी सुरू झाली, तेव्हापासून रोजगाराची चिंता वेगळी. अशा वेळी घोडा घसरून पर्यटक पडला, तर नुकसान एका मालकाचे होत नाही. साऱ्या धंद्याच्या नावाला बट्टा लागतो.

गुळगुळीत फरशीवर लोखंड घसरते आणि उघडा खूर तुलनेने चांगला पकडतो, हे घोड्याच्या जाणकारांना माहीत आहे. पण तोच उघडा खूर खडीच्या चढ-उतारावर रोज भार घेऊन झपाट्याने झिजू शकतो. म्हणून सरसकट नाल काढा, असे आम्ही सांगणार नाही. ज्या घोड्याचे काम हलके आहे, ज्याचा तळवा जाड आहे, त्याच्यापासून सुरुवात करता येईल. मागच्या पायांवर भार कमी येतो, तेव्हा आधी मागची नाल काढून पाहावी. बाकीच्यांना नाल राहू द्यावी, पण तासणी खुराच्या मापाने व्हावी.

हंगामाचाही पेच आहे. फेऱ्या कमी असतात पावसाळ्यात, आणि नेमक्या त्याच दिवसांत ओलीने खूर मऊ पडतो, पुतळी सडते. तेव्हा नाल काढायची तर उभे राहण्याची जागा कोरडी हवी. झेनोफनचा गोल दगडांचा सल्ला इथे कामी येतो. छपराखाली दगड पसरले तर पाणी खाली निचरते आणि खूर टणक राहतो. खर्च म्हणाल तर एक-दोन गाड्या दगडांचा.

नालबंदाने काय करावे?

ब्रिटनमध्ये १९७५ च्या कायद्याने नोंदणी झालेल्या नालबंदालाच नाल ठोकता येते. शिकाऊ उमेदवाराला काही वर्षे उस्तादाच्या हाताखाली काढावी लागतात. आपल्याकडे मुलगा बापाकडून शिकतो. ती शिकवण कमी दर्जाची नाही, पण तिला खुराच्या रचनेच्या ज्ञानाची जोड हवी. काम करणाऱ्या जनावरांसाठी १९३४ साली कैरोत सुरू झालेली ब्रुक ही संस्था भारतातही नालबंदांना प्रशिक्षण देते. तरुणांनी अशी संधी सोडू नये.

आमची सूचना व्यापाऱ्याची आहे. एकेक नालेचा भाव करत बसण्यापेक्षा दहा-बारा घोड्यांच्या मालकांशी महिन्याच्या ठेक्याने बोलणी करावी. ठरल्या तारखेला जावे, प्रत्येक घोड्याचे खूर पाहावेत, वहीत तारीख आणि खुराची हालत लिहावी. ज्याला नाल हवी त्याला नाल, ज्याला तासणी पुरे त्याला तासणी. वरातीचे घोडे, शिकवणीचे तबेले, जत्रेत घोडा घेणारे हौशी लोक, हे सारे या ठेक्याचे गिऱ्हाईक होऊ शकतात.

घोडा विकत घेणाऱ्यांनीही एक सवय लावून घ्यावी. सारंगखेड्याला जा किंवा आणखी कुठे, रंग, भोवरे आणि चाल पाहण्याआधी चारही पाय उचलून पाहा. पुतळी रुंद आणि कोरडी आहे का, तिला सडका वास येतो का, फिकट रेघ फाकली आहे का, भिंतीवर आडव्या खोल वळ्या आहेत का, दोन्ही टाचा सारख्या आहेत का. विकणारा पाय उचलू देत नसेल तर सौदा तिथेच थांबवावा.