भरवशाची उलटतपासणी

ऑनलाइन बाजारात माणसांच्या वतीने सौदे करणारे संगणकीय प्रतिनिधी एकमेकांवर भरवसा कसा ठेवतात? हिशेबाने! योसांग आणि इस्माईल यांनी २००२ साली मांडलेल्या पद्धतीत आठ चांगले, दोन वाईट अनुभव म्हणजे ०.७५ गुण, नवख्याला ०.५. गणित निःपक्षपाती आहे.

पण अनुभव नोंदवतो कोण? माणूसच! अमेरिकेत एअरबीएनबीवर केलेल्या प्रयोगात (प्रसिद्धी २०१७) बाकी माहिती सारखीच असूनही, कृष्णवर्णीयांची वाटणारी नावे असलेल्या पाहुण्यांना होकार सुमारे १६ टक्क्यांनी कमी मिळाले. ज्याला दारच उघडत नाही, त्याच्या खात्यात चांगला अनुभव जमा होणार कसा?

आम्ही न्यायालयात साक्षीदाराची उलटतपासणी घेतो. या गुणांचीही झाली पाहिजे. गुण कशावरून ठरले ते सांगा आणि दाद मागण्याचा हक्क द्या!