उताराचं पाणी

कोकणात खांब पोचलेला असतो, पण वीज असतेच असं नाही. जूनच्या पहिल्या वादळात तारेवर फांदी पडली की वाडी अंधारात बसते आणि पंपावर अवलंबून असलेल्या घरांचे नळ कोरडे पडतात. डोंगराच्या कुशीतल्या काही घरांना मात्र ही काळजी नसते. वर झरा, खाली टाकी आणि मध्ये काळा पाइप. या यंत्रात फिरणारा एकही भाग नाही.

रीत जुनीच आहे. पोफळीचं खोड उभं चिरायचं, आतला गाभा कोरायचा, अशा पन्हळी बेचक्यांच्या मेढींवर एकापुढे एक लावायच्या आणि डोंगरातलं पाणी आगरात उतरवायचं, हे कोकणातल्या बागायतदारांना आणि गोव्यातल्या कुळागरवाल्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. पन्हळ उघडी, म्हणून तिला सलग उतार लागतो. बंद पाइप घळीत उतरून पुन्हा वर चढू शकतो.

पाणी मोजायचं ते एप्रिलअखेर. जानेवारीतली धार फसवते. बादली धारेखाली धरून घड्याळ बघायचं. मिनिटाला एक लिटर येत असेल तर लोक नाक मुरडतात, पण तेवढी बारीक धारसुद्धा दिवसरात्र मिळून 1440 लिटर देते. जलजीवन मिशनने माणशी रोज 55 लिटर धरले आहेत. त्या हिशेबाने पाच जणांच्या घराला 275 पुरतात. म्हणून झऱ्याच्या धारेपेक्षा मला टाकी महत्त्वाची वाटते. रात्रभर भरलेली टाकी सकाळच्या घाईला उपयोगी पडते.

उंची मोजायला गवंड्याची लेव्हलची पारदर्शक नळी पुरते. टप्प्याटप्प्याने उतरत यायचं आणि फरकांची बेरीज करायची. दर 10 मीटर उंचीला चौरस सेंटिमीटरमागे साधारण एक किलो दाब मिळतो. हा दाब सर्वांत जास्त असतो तो पाणी थांबलेलं असताना, खालचा कॉक बंद असताना. 80 मीटर खाली आणलेल्या लाइनीला सहा केजीचा पाइप वापरला तर तो कधी ना कधी फुटणार. तिथे दहा केजीचा तरी घ्यावा, नाहीतर मध्यावर छोटी उघडी टाकी बांधून दाब तोडावा. काटकसर करायची तर ती व्यासात तरी करू नये. व्यास निम्मा केला की पाणी निम्मं येत नाही, जेमतेम सहावा हिस्सा येतं. इंची पाइपाऐवजी अर्धा इंची टाकून पैसे वाचवणारे पुढे वर्षानुवर्षं थेंब मोजत बसतात.

खरी परीक्षा हवेची असते. पाइप वाटेत उंचवट्यावरून गेला की माथ्यावर हवा अडकते. वर झरा वाहतोय, पाइप कुठे फुटलेला नाही, तरी खाली थेंब नाही! कातरजच्या पाण्यासाठी पेशव्यांनी बांधलेल्या नळालाही जागोजागी उच्छ्वास ठेवलेले होते. इथे माथ्यावर टी जोडून छोटी तोटी बसवायची. पाणी सोडलं की ती उघडायची. आधी नुसती फुसफुस, मग थुंकल्यासारखं तुटक पाणी, मग पुन्हा हवा. धार सलग आणि स्वच्छ लागली की बंद करून पुढच्या माथ्यावर जायचं. वरून खाली हाच क्रम. सखल जागी गाळ काढायला वेगळा कॉक हवाच.

झऱ्याच्या तोंडाशी चिऱ्याची छोटी कुंडी बांधतात. पाइपाचं तोंड तळापासून वीतभर वर असतं आणि त्याला भोकं पाडलेली टोपी असते, म्हणजे गाळ खाली बसतो आणि पाचोळा, कुर्ल्या बाहेर राहतात. वर झाकण हवं, आणि तरी पिण्याचं पाणी उकळूनच घ्यावं. पाइप मातीखाली गाडावा; उघड्यावरचा पाइप एका वणव्यात वितळून जातो. झरा दुसऱ्याच्या जमिनीत असेल तर त्याच्याशी आधी बोलावं, आणि सगळी धार न उचलता काही पऱ्याला राहू द्यावी. खाली तिच्यावर गुरं आणि पाखरं जगतात.

पण कुंडी, पाइप, टाकी कितीही नेटकी असली तरी पाणी येतं ते सड्यावरून, म्हणजे वरच्या जांभ्याच्या पठारावरून. सच्छिद्र जांभ्यात मुरलेला पाऊस खालच्या चिकट थरावर अडतो आणि उतारावर बाहेर फुटतो. वरचा सडा चिरेखाणीसाठी खरवडला किंवा काँक्रीटने झाकला, तर खाली पाइप बदलून काही होत नाही. म्हणून लाइन टाकण्याआधी झऱ्याच्या वर चढून जावं आणि ती जमीन कोणाची आहे, तिथे काय होऊ घातलं आहे, हे विचारून यावं.