बायकी गळ्याचा बुवा

पहाटे साडेचार. कार्तिक लागला की काकडा असतो, त्यामुळे या महिन्यात माझ्या झोपेला कुणी विचारत नाही. निपाणीत वखारींच्या गल्लीतून जाताना तंबाखूचा खकाणा घशात उतरतो, म्हणून देवळाच्या पायरीपर्यंत मफलर नाकावर. आत आम्ही अकरा जण, त्यातले सात साठीपुढचे. पेटी काळी चारला. पहाटेच्या वेळी त्या पट्टीत भल्याभल्यांचा गळा चिरतो. माझा चिरत नाही. का, ते विठ्ठलाला पूर्ण ठाऊक आहे, मंडळीला अर्धवट.

सतरा वर्षं मी ऑर्केस्ट्रात ‘दोन आवाजांत’ गायलो. गणपती, जत्रा, मोठ्या घरची लग्नं. डाव्या अंगाने उभा राहिलो की नायक, उजव्या अंगाने वळलो की नायिका. युगुलगीत एकट्याने. शिट्ट्या पडायच्या, पोरं नोटा ओवाळायची. आता काळ्या टोपीत बघून जुने लोक म्हणतात, “सुटलास बाबा त्यातनं.” सुटायला मी काही तुरुंगात नव्हतो. पण पहाटे सहाला वाद कोण घालणार? चहा पिऊन घरी येतो.

आठच्या सुमाराला फोन. बेळगावहून कुणाच्या तरी सासऱ्यांची पंचाहत्तरी. “अण्णा, भजन अर्धा तास, मग जुनी गाणी, आणि ते तुमचं दोन आवाजांचं शेवटी.” मी हिशेब सांगतो, ते घासाघीस करतात. भजनाला पाकीट, गाण्याला रेट असा लोकांचा समज आहे. पाकिटात काय घातलंय ते उघडल्याशिवाय कळत नाही, एवढाच फरक.

साडेदहाची चिकोडीची गाडी. पाटी कन्नडमध्ये, आतली बडबड मराठीत, कंडक्टर दोन्हींत. २०२३च्या जूनपासून कर्नाटकात बायकांना एसटी फुकट आहे. एकदा गंमत म्हणून बाईच्या आवाजात तिकीट मागितलं होतं. कंडक्टरने मिशीकडे बघून पूर्ण पैसे घेतले.

चिकोडीला जाताना दर वेळी मला विष्णुपंत पागनीस आठवतात. ते चिकोडीचे, जन्म १८९२चा. पोरवयात स्वदेश हितचिंतक नाटक मंडळीत गेले आणि तिथे स्त्रीपार्ट करायला लागले. तेव्हाच्या संगीत नाटकाची लोकप्रियता आजच्या सिनेमागाण्याएवढी होती, असं समजायला हरकत नाही. गोड गळ्याचा, नाजूक अंगाचा मुलगा पातळ नेसून उभा राहिला की थिएटर वेडं व्हायचं. पुढे मिसरूड फुटलं, रंगभूमी सुटली, आणि ते भजनाकडे वळले. प्रभात कंपनी ‘संत तुकाराम’ काढत होती तेव्हा दामले-फत्तेलालांपुढे हा माणूस आला. आधी शंका निघाली, असं सांगतात. एवढी वर्षं बाई झालेला नट, चालण्या-बोलण्यात तेच वळण. हा तुकोबा कसा दिसायचा?

१९३६ साली चित्रपट आला आणि ज्याची भीती होती तेच कामी आलं. मी तो चित्रपट किती वेळा पाहिला ते विचारू नका. पागनीसांचे हात बघा. चिपळी धरलेली बोटं, मान कलवून ऐकणं, रागावलेल्या बायकोसमोर ओशाळून हसणं. समोर गौरीची आवली खणखणीत, हातात जोडा घेणारी. त्या घरात कणखरपणा बाईकडे आहे आणि मऊपणा बुवाकडे. तो मऊपणा पागनीसांनी देहूला जाऊन आणलेला नाही, नाटक कंपनीतून आणलाय. पातळाचा पदर सावरायला शिकलेला हातच उपरणं सावरतो. मुंबईच्या सेंट्रल सिनेमात तो चित्रपट वर्षभराहून जास्त चालला, १९३७ला व्हेनिसमध्ये गौरवला गेला, आणि लोक पागनीसांच्याच पाया पडायला लागले. तुकोबा म्हणून त्यांचा फोटो देव्हाऱ्यात गेला. शांताराम आठवल्यांनी लिहिलेला आणि केशवराव भोळ्यांनी चाल लावलेला त्यातला बी-झाडाच्या दृष्टान्ताचा अभंग लोक गाथेत शोधत बसले. त्यानंतर सिनेमात त्यांना संतच मिळत राहिले, तुलसीदास, नरसी भगत. १९४३ला ते गेले. त्यांना कुणी “सुटलात” म्हटलं असेल का, हा विचार करेपर्यंत स्टँड येतं.

बारा ते दोन, एका घरी तेराव्याचं भजन. तिथलं लिहिण्यासारखं नाही. रडणाऱ्या घरात गाणाऱ्याने फक्त सूर धरायचा आणि जेवायला आग्रह झाला तर कमी वाढून घ्यायचं.

पाचला परत निपाणीत, पोरांची शिकवणी. सहा पोरं, एक मुलगी. मुलीचा आवाज काळी चारला सहज जातो, पोरांचे फुटायला आलेत. त्यातला एक लाजून गातच नाही. त्याला म्हटलं, फुटू दे, तोवर तोंड मिटून गुणगुण, ओढू नको. मला त्याच वयात कुणी तरी ओरडून गायला लावलं होतं, घोगरेपणा दोन वर्षं गेला नाही.

रात्री नऊ. वेदगंगेकाठच्या एका गावात सप्ताह. मी कीर्तनात मागे उभा राहणारा गायक. बुवा प्रमाण देतात, आम्ही चाल उचलतो. तार सप्तकात बाकीचे दोघं थांबले की मी उजव्या अंगाने वळतो. सवयच ती. गळा आपोआप नायिकेच्या जागेत जातो आणि वरचा सूर लागतो. माळ घातलेली माणसं माना डोलवतात.

साडेअकराला मंडप रिकामा. साउंडवाला जुन्या ऑर्केस्ट्रातला निघाला. वायरी गुंडाळता गुंडाळता म्हणाला, “अण्णा, एक कडवं. माईक बारीक करतो.” म्हटलं एक कडवं. दोन्ही अंगांनी. सतरंजी झटकणाऱ्या बायका थांबल्या. गाणं संपल्यावर लक्षात आलं, बुवा अजून गेले नव्हते. जीपच्या दारात एक पाय ठेवून उभे. मी टोपी नीट केली.

बुवा म्हणाले, “ही चाल उद्या अभंगाला बसेल का हो?”

“काळी चारला बसेल,” म्हटलं.