पहिली ऑल-राउंडर लेन्स घेताय? आधी तुमचे जुने फोटो उघडा



मागच्या बॅचमधल्या एका मुलाचा रात्री साडेदहाला फोन आला. "सर, २५ हजार साठलेत. १८-२०० घेऊ का? एकाच लेन्समध्ये सगळं होतंय. दुकानदार म्हणतो, हा भाव उद्या सकाळपर्यंतच."

हा मुलगा पतसंस्थेत नोकरी करतो. कॅमेरा कॅनन १५००डी, त्याच्यासोबत आलेली १८-५५ ची किट लेन्स. सुट्टीच्या दिवशी किल्ले फिरतो, फोटो काढतो. वर्षभरात ओळखीत दोन बारशी, एक साखरपुडा आणि एक डोहाळजेवण केलं. शेवटच्या दोन कामांचे त्याला पैसे मिळाले. थोडेच, पण मिळाले. म्हणजे छंदातून धंद्याकडे जायच्या उंबरठ्यावर तो उभा आहे, आणि हे २५ हजार म्हणजे त्याचं सगळं भांडवल. तुमच्यापैकी बरेच जण याच जागी आहेत, म्हणून त्याला जे सांगितलं ते इथं सविस्तर लिहितोय.

पहिली गोष्ट, उद्या सकाळचा भाव विसरा. लेन्स कुठं पळून जात नाही.

दुसरी गोष्ट, कॉम्प्युटरवर तुमचे जुने फोटो उघडा. फोटोवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज आणि मग डिटेल्स बघा. फोकल लेन्थ, अॅपर्चर, शटर स्पीड, आयएसओ सगळं तिथं लिहिलेलं असतं. पैसे मिळालेल्या कामातले पन्नास-साठ फोटो घ्या, वहीत आकडे उतरवा. अर्ध्या तासाचं काम आहे, पण हजारो रुपये वाचवतं.

त्या मुलाने हे केलं. डोहाळजेवणाचे बहुतेक फोटो १८ ते ३५ मिमीमध्ये होते. आयएसओ ३२००, शटर १/३० च्या आसपास. ओटी भरणाऱ्या हातांचे फोटो हललेले, चेहरे बरे. आणि ५५ च्या टोकाला अडकलेले फोटो कुठले? सगळे किल्ल्यावरचे. समोरच्या डोंगरावरचा बुरूज, दरीवर घिरट्या घालणारी घार. म्हणजे बघा, २०० मिमीची हौस किल्ल्यावर तयार झाली होती आणि पैसे दिवाणखान्यातून येत होते. दोन्हींची गरज वेगळी आहे, हे त्याच्या लक्षातच आलं नव्हतं.

हे नीट समजून घेऊ. १५००डी सारख्या कॅमेऱ्याचा सेन्सर साधारण २२ मिमी रुंद असतो. तुम्ही दहा फुटांवर उभे राहिलात तर १८ मिमीला सुमारे बारा फूट रुंदीचं दृश्य फ्रेममध्ये येतं. ५० मिमीला साडेचार फूट. २०० मिमीला जेमतेम एक फूट! आता मला सांगा, बारा बाय पंधराच्या हॉलमध्ये, पाठ भिंतीला टेकवून, मध्ये पाहुण्यांच्या खुर्च्या, तिथं २०० मिमी काय करणार? तिथं रुंदी लागते आणि उजेड लागतो.

उजेडाचं गणित असं. एफ ५.६ वरून एफ २.८ वर आलात की सेन्सरवर चौपट प्रकाश पडतो. म्हणजे तोच फोटो १/३० ऐवजी १/१२५ ला निघतो. ओटी भरणारे हात थांबलेले दिसतात. आणि १८-२०० प्रकारातल्या लेन्स, उदाहरणार्थ टॅमरॉनची एफ ३.५-६.३, मधल्या फोकल लेन्थला किट लेन्सपेक्षा जास्त उजेड देतच नाहीत. लांबच्या टोकाला तर एफ ६.३, म्हणजे आणखी कमी. पैसे भरून ट्यूबलाइटच्या हॉलमध्ये तुम्ही होतात तिथंच राहता.

इथं एक जण हमखास म्हणतो, "पण सर, त्यात स्टॅबिलायझर आहे ना!" आहे. पण स्टॅबिलायझर तुमच्या हाताची थरथर सांभाळतो. समोरची मावशी हलली तर तिला तो थांबवू शकत नाही. देवळाचा गाभारा टिपायचा असेल तर उपयोगी, पाळण्याला झोका देणाऱ्या बाईसाठी नाही.

मग त्याच्यासाठी पर्याय काय? स्थिर एफ २.८ ची छोटी झूम. कॅननची स्वतःची १७-५५ एफ २.८ आहे, पण ती महाग. सिग्माची १७-५० एफ २.८ २०१० सालची आहे, कॅनन आणि निकॉन दोन्हींसाठी आली होती, आणि आता ती जुन्या बाजारात शोधायची. वजन साधारण ५६५ ग्रॅम, किट लेन्सच्या दुपटीहून जास्त, तेव्हा आधी हातात धरून बघा. सोनीचा एपीएस-सी मिररलेस असेल तर सिग्माची १८-५० एफ २.८ फक्त २९० ग्रॅमची आहे, किंवा टॅमरॉनची १७-७० एफ २.८.

खरं सांगू का, लेन्सआधी एक बाहेरचा फ्लॅश घेऊन तो पांढऱ्या छताकडे वळवलात तरी घरगुती कार्यक्रमातलं अर्धं दुखणं जातं, आणि तो लेन्सपेक्षा स्वस्त पडतो. पण मांडवाच्या रंगीत कापडाखाली किंवा कार्यालयाच्या उंच छताखाली ही युक्ती चालत नाही. आणि बारशाला बाळाच्या तोंडावर फ्लॅश उडाला की आजी काय म्हणते ते मी इथं लिहीत नाही.

आता उलटी बाजू. तुमचं काम उजेडातलं असेल, म्हणजे कोकणातल्या होमस्टेचे फोटो, शेतीमालाचे, पालखी सोहळ्याचे, तर माझं उत्तर बदलतं. तिथं १८-१३५ घ्या. कॅननची एसटीएम किंवा यूएसएम, निकॉनवाल्यांना १८-१४०. वारीत धूळ आणि पाऊस असताना लेन्स बदलणं म्हणजे सेन्सरवर चिखल ओढवून घेणं, तिथं एकच लेन्स लावून चालत राहणं हेच शहाणपण. शिवाय एसटीएम लेन्सचा फोकस आवाज करत नाही, त्यामुळे व्हिडिओ करणाऱ्यांनाही ती बरी. १८-२०० आणि १८-१३५ मध्ये मी १८-१३५ कडे झुकतो. रेंज जितकी ताणावी तितकी कडांची धार आणि उजेड कुठंतरी द्यावा लागतो. आणि भिगवणला फ्लेमिंगो टिपायचे म्हणून २०० घेत असाल तर तिथं २०० सुद्धा अपुरी पडते.

तिसरा गट स्वतःच्या मालाचे फोटो काढणाऱ्यांचा आहे. लोणची, पैठणी, मातीची भांडी. तुम्ही काहीच घेऊ नका. खिडकीजवळ टेबल, ट्रायपॉड, एफ ८, आणि हीच किट लेन्स. वस्तू हलत नाही, त्यामुळे शटर कितीही हळू चालतं. वाचलेले पैसे पॅकिंगला लावा.

हिशोब बघू. आकडे समजण्यापुरते आहेत, तुमचे तुम्ही घाला. लेन्स २५,००० ची. एका घरगुती कामातून प्रवास आणि एडिटिंगचा वेळ धरून हातात १,५०० उरतात. म्हणजे लेन्सचे पैसे फिटायला सतरा कामं. महिन्याला तीन कामं मिळाली तर जवळपास सहा महिने. महिन्याला एकच मिळत असेल तर दीड वर्ष, मग भाड्याने घ्या. दिवसाचं भाडं ६०० धरलं तर २५,००० खर्च व्हायला जवळपास बेचाळीस दिवस लागतात. पुणे-मुंबईत लेन्स भाड्याने सहज मिळतात. विकत घ्यायच्या आधी एका कामाला भाड्यानेच वापरा. "नो कॉस्ट" ईएमआयला भुलू नका, प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा जीएसटी बारीक अक्षरात असतो. आणि तुम्ही जीएसटीत नोंदलेले नसाल (सेवा देणाऱ्यांना आपल्याकडे वर्षाच्या २० लाख उलाढालीपर्यंत सहसा नोंदणी लागत नाही), तर बिलावरचा जीएसटी तुम्हाला परत मिळणार नाही. तो किमतीतच धरा.

जुनी लेन्स घेताना स्वतःचा कॅमेरा घेऊन जा. मुंबईत बोराबाजारात जा नाहीतर ओळखीच्या फोटोग्राफरकडून घ्या, तपासणी तीच. दोन्ही झाकणं काढून एका बाजूने मोबाइलचा टॉर्च मारा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती फंगस, सरळ परत करा. लेन्स खाली धरल्यावर झूम आपोआप घसरते का बघा. दोन्ही टोकांना, अॅपर्चर पूर्ण उघडं ठेवून, जवळच्या आणि लांबच्या वस्तूवर दहा-दहा फोटो काढा आणि तिथंच झूम करून तपासा. सिग्मासारख्या दुसऱ्या कंपनीच्या लेन्समध्ये फोकस थोडा पुढे-मागे असू शकतो, आणि १५००डी मध्ये तो दुरुस्त करायची सोय नाही. निकॉन डी३५०० किंवा डी५६०० वाल्यांनो, जुन्या एएफ-डी लेन्स घेऊ नका, तुमच्या बॉडीत फोकसची मोटर नसते. घरी आणल्यावर हवाबंद डबा आणि सिलिका जेल. निळे दाणे गुलाबी झाले की ते ओले झाले, बदला किंवा तापवून वाळवा. आपल्या पावसाळ्यात हे टाळलंत तर वर्षात फंगस तुमच्याच लेन्समध्ये दिसेल.

"कॅननने सगळं लक्ष मिररलेसवर नेलंय, मग जुन्या माउंटमध्ये पैसे घालू का?" असंही विचारलं जातं. कॅननचा अडॅप्टर लावून ईएफ आणि ईएफ-एस लेन्स आरएफ बॉडीवर चालतात. आणि जुनी घेतलेली लेन्स पुढे विकताना तोटाही कमी होतो.

त्या मुलाने शेवटी १७-५० एका साखरपुड्यासाठी भाड्याने नेली. फोटो स्वच्छ आले, पण त्याची एक तक्रार होती, लेन्स जड आहे आणि ५० च्या पुढे हात आखडतो. तरी त्याने जुन्या बाजारात तीच शोधली. पहिल्या लेन्समध्ये टॉर्च मारल्यावर फंगस निघाली, दुसरी घेतली. किट लेन्स किल्ल्यांसाठी ठेवली. आता तो १८-१३५ चं म्हणतोय. मी म्हटलं, आधी सतरा कामं होऊ देत.