येरवड्यातल्या एक कोटी स्लिपा

पुण्यात येरवड्याच्या बाजूला डेक्कन कॉलेजचं जुनं दगडी आवार आहे. तिथल्या संस्कृत महाकोश प्रकल्पाच्या एका दालनाला ‘स्क्रिप्टोरियम’ म्हणतात. ऑक्सफर्डच्या इंग्रजी कोशाचे संपादक जेम्स मरे यांच्या पत्र्याच्या शेडचंही नाव हेच होतं. पुण्याच्या दालनात लोखंडी कपाटं आहेत, कपाटांत खण आणि खणांत दाटीवाटीनं उभ्या लावलेल्या कागदी स्लिपा. किती? एक कोटीच्या घरात.

त्यातली एक काढून बघावी. तिच्यावर एक शब्द, तो जिथे आला तो उतारा, आणि तो उतारा कोणत्या ग्रंथात कुठे आहे त्याचा पत्ता. ग्रंथात आधी पान सापडतं, मग पानावरचे शब्द. इथे सगळं उलटं: आधी शब्द, मग त्याची ठिकाणं. संगणकवाले याच रचनेला ‘इन्व्हर्टेड इंडेक्स’ म्हणतात. डग कटिंग यांनी १९९९ मध्ये लिहिलेलं ‘ल्युसीन’ हे शोधाचं सॉफ्टवेअर याच रचनेवर चालतं. दोन शब्द एकत्र शोधले, की ते दोघांच्या पत्त्यांच्या याद्या शेजारी ठेवून सामाईक पत्ते तेवढे उचलतं. मूळ मजकूर पुन्हा वाचायची गरजच पडत नाही, कारण तो आधीच वाचून ठेवलेला असतो.

येरवड्यात तो माणसांनी वाचला. डॉ. सुमित्र मंगेश कत्रे यांच्या पुढाकारानं १९४८ साली काम सुरू झालं. ऋग्वेदापासून पुढचे सुमारे दीड हजार ग्रंथ निवडले गेले. त्यांत काव्य आणि व्याकरण होतंच, शिवाय वैद्यक, गणित, वास्तुविद्याही होती. वेचणी १९७३ पर्यंत चालली. म्हणजे सरासरी वर्षाला चार लाख स्लिपा, त्याही हातानं!

आणि नुसतं उतरवून भागत नव्हतं. संस्कृतात शब्द एकमेकांत मिसळलेले. ‘नास्ति’ जसंच्या तसं ‘न’च्या खणात टाकलं, तर ‘अस्ति’ शोधणाऱ्याच्या हाती काही लागणार नाही. आधी संधी सोडवायचा, मग मूळ रूप ठरवायचं, मग खण. मराठीत आपलंही तेच दुखणं आहे. ‘विहीर’ शोधली, की विभक्तीची ओळख नसलेलं यंत्र ‘विहिरीला’वरून खुशाल पुढे निघून जातं. सूचीची खरी अक्कल शोधताना लागत नाही, ती सूची रचतानाच खर्ची पडते. तिथे चूक झाली की पुढे इलाज नाही. भलत्या खणात गेलेली स्लिप कपाटात असूनही हरवलेलीच.

कोशाचा पहिला भाग १९७६ साली निघाला. पुढे तीसहून अधिक खंड झाले, तरी ‘अ’ संपला नव्हता. यावर हसणारे पुष्कळ. पण संस्कृतातला ‘अ’ म्हणजे एक अक्षर नव्हे, अख्खा तालुका आहे. नकाराचे ‘अ’ आणि ‘अन्’ तिथे, शिवाय अति, अधि, अनु, अप, अभि, अव हे उपसर्गही तिथेच, आपापल्या गोतावळ्यासह. शिवाय स्लिप सापडते क्षणात, पण तिच्यासारख्या शेकडो स्लिपा कालक्रमानं मांडून अर्थ कुठे वळला हे ठरवायला माणूसच बसावा लागतो. एकेका शब्दावर दिवसच्या दिवस जातात.

तिकडे ‘ह’चे खण १९७३ पासून भरून तयार आहेत.