बॅटरीची कोणती तार आधी?

मंडळी, गेल्या वेळी व्याख्यान संपल्यावर मागच्या रांगेतून एका तरुणानं विचारलं, 'सर, कार्यकारणभाव कळला, पण आमच्या बोटीचं इंजिन बॅटरीला कसं जोडायचं?' हशा झाला. आम्ही हसलो नाही. १५ जून २०२५ला कुंडमळ्यात इंद्रायणीवरचा पूल कोसळला, चार माणसं गेली. एनडीआरएफची पाचवी बटालियन सुदुंबऱ्यात, आपल्याच तालुक्यात आहे, हे खरं. पण गावच्या पोरांना आपलीही एक बोट असावी वाटलं, तर त्यात नवल काय? म्हणून आज त्या प्रश्नाबद्दल. पेट्रोलचं, बटणावर सुरू होणारं इंजिन आणि बारा व्होल्टची बॅटरी धरून चालू.

लाल तार अधिक टोकाला, काळी उणे टोकाला. जोडताना लाल आधी, काढताना काळी आधी. हा रिवाज नव्हे, याला कारण आहे. इंजिनाचं सगळं धातूचं धड काळ्या तारेशी जोडलेलं असतं. काळी आधी लावून ठेवली आणि लाल आवळताना पाना धडाला टेकला, की बॅटरीची सारी ताकद त्या पान्यातून धावते. ठिणगी उडते, आणि चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो! काळी सुटी असेल तर वर्तुळच पुरं होत नाही. तारांची अदलाबदल केलीत तर मात्र रेक्टिफायरचे डायोड क्षणात जातात.

आता आमची फजिती. त्या पोरांकडे आम्ही गेलो होतो. मीटर लावला, १२.६ व्होल्ट. बटण दाबलं, नुसतं 'टक्'. आम्ही चाळीस वर्षं तर्कशास्त्र शिकवलेल्या आवाजात सांगितलं, 'बॅटरी ठीक, म्हणजे दोष इंजिनात.' शेजारच्या गॅरेजवाल्यानं काहीही न बोलता टोकं पॉलिश पेपरनं घासली, हातानं फिरवायचे पंखवाले नट काढून पान्यानं आवळायचे लावले. इंजिन सुरू!

चूक कुठं झाली? सांध्यात ०.०५ ओहम अडथळा समजा. मीटर जवळजवळ प्रवाह घेतच नाही, म्हणून त्याला अडथळा जाणवत नाही. स्टार्टर शंभर अँपिअर मागतो, ०.०५ गुणिले १००, पाच व्होल्ट सांध्यातच संपले. मीटर खोटं बोलत नव्हता, आम्ही त्याला भलताच प्रश्न विचारला होता. बटण दाबलेलं असताना लाल तारेच्या दोन टोकांमध्ये मोजायला हवं होतं. अर्ध्या व्होल्टहून जास्त आलं, तर सांधा घासा किंवा तार जाड घ्या.

चालत्या इंजिनाची बॅटरी कधी सोडू नका. चार्जिंगचा दाब वाढून रेक्टिफायर जळतो. बॅटरी हवेशीर पेटीत, पट्ट्यानं बांधलेली असू दे. पहिल्यांदा सुरू कराल तेव्हा इंजिनाचा खालचा भाग पाण्यात हवा, नाहीतर थंड पाणी ओढणाऱ्या पंपाचं रबर कोरडं घासून जातं. आणि बटण दाबण्याआधी इंजिन बंद करणारी ती लाल दोरी मनगटाला अडकवा. चालवणारा पाण्यात पडला तर बोट त्याच्याभोवती फिरत राहता कामा नये.